दीर्घकालीन थेरपी: भावना व्यक्त करण्यात खरोखर काय बदलतं

आठवड्यातून एक सेशन, ४५ ते ५० मिनिटांचं, आणि असं वर्षभर किंवा त्याहून जास्त. एवढ्या काळात भावना बोलून दाखवण्याची पद्धत कशी बदलते, त्याबद्दलचा हा अनुभव. पहिल्या महिन्यावरून मत बनवू नये, हे आधीच सांगून ठेवावंसं वाटतं.

सुरुवातीला माणूस भावना सांगत नाही, हकीकत सांगतो. कोण काय बोललं, मग काय झालं, चूक कोणाची. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारलं की ‘त्याने असं वागायला नको होतं’ असं मत पुढे येतं. दुःखाचा प्रसंग हसत हसत सांगितला जातो. माणूस आतल्या अनुभवाशी किती जोडून बोलतोय हे मोजणाऱ्या, १९६९ साली तयार झालेल्या ‘एक्स्पीरिअन्सिंग स्केल’मध्ये ७ पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर बोलणं बाहेरच्या घटनांचं असतं, चौथ्या पायरीवर स्वतःला आतून काय होतंय हाच विषय होतो. वरच्या टोकाला फार कमी लोक पोहोचतात. दुसरीवरून चौथीवर येणं हीच मोठी मजल आहे.

ही मजल शरीराच्या वाटेने गाठली जाते. चांगला थेरपिस्ट हकीकत मध्येच थांबवून विचारतो, ‘आत्ता हे कुठे जाणवतंय?’ घसा दाटलाय, पोटात खड्डा पडलाय, जबडा आवळलाय. तिथे थोडं थांबायचं, मग शब्द शोधायचा आणि तो आतल्या जाणिवेशी ताडून बघायचा. ‘टेन्शन’ हा शब्द बसत नाही, ‘अपमान’ बसतो, असं कळायला मिनिटभर शांतताही लागते. ती शांतता थेरपिस्टने भरून काढू नये.

साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बऱ्याच जणांचं बिघडल्यासारखं होतं. रडू लवकर येतं, घरात चिडचिड वाढते, ‘थेरपी सुरू केल्यापासून तू बदललास’ असं ऐकावं लागतं. कारण सरळ आहे: दाबून ठेवायची जुनी सवय सैल झालेली असते, पण बेताने बोलण्याचं कौशल्य अजून आलेलं नसतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांतून दिसलं होतं की चेहरा निर्विकार ठेवला तरी शरीरातली खळबळ त्याने शमत नाही. त्यामुळे आधीही सगळं आतल्या आत चालूच होतं, आता ते बाहेर दिसू लागलं एवढंच.

याच टप्प्यावर मानसशास्त्रज्ञ लेस्ली ग्रीनबर्ग यांची मांडणी फार उपयोगी पडते: प्राथमिक भावना आणि तिच्यावर चढलेली दुय्यम भावना. जोडीदाराने फोन केला नाही म्हणून राग येतो, रागाखाली दुखावलेपण असतं, आणि त्याच्याही खाली ‘मी कोणालाच महत्त्वाची नाही’ ही भीती. काहींचं नेमकं उलटं असतं. राग यायला हवा तिथे त्यांना रडू येतं. त्यांच्यासाठी ‘हे मला चालणार नाही’ असं स्थिर आवाजात म्हणता येणं हीच प्रगती.

म्हणूनच रडणं हे प्रगतीचं माप धरू नका. प्राथमिक भावना मोकळी झाली की ती चढते, काही मिनिटांत ओसरते आणि पुढे काय हवंय ते कळतं. तेच दुःख त्याच शब्दांत महिनोन्‌महिने येत असेल तर गाडं अडलंय, आणि ते थेरपिस्टला बोलून दाखवायला हवं. उशीवर बुक्के मारून रागाचा निचरा होतो हा समजही सोडून द्यावा. त्याने राग बहुधा धगधगतच राहतो. बोलताना अचानक बधिरपणा आला, आवाज लांबून येतोय असं वाटलं, तर विषय तिथेच थांबवावा. पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या वस्तू बघाव्यात. सोसण्याची मर्यादा ओलांडली गेली की तिथे शिकणं होत नाही.

आणखी एक नेहमीची अडचण म्हणजे महत्त्वाची गोष्ट शेवटच्या ५ मिनिटांत निघणं. ती सुरुवातीलाच काढायची, निदान ‘आज एक अवघड विषय आहे’ एवढं तरी म्हणायचं. सेशननंतरचा अर्धा तास मोकळा ठेवा, लगेच कामाची मीटिंग नको. मधल्या दिवसांत १० मिनिटांची नोंद पुरते: प्रसंग, शरीरात काय झालं, भावना, तिची तीव्रता ० ते १०, आणि तेव्हा काय करावंसं वाटलं.

सर्वात मोलाचा सराव थेरपिस्टवरच्या रागाचा. तो बोलला गेला नाही की उशिरा येणं, सेशन रद्द करणं सुरू होतं. ‘मागच्या वेळी तुम्ही विषय बदललात, मला ते लागलं’ हे समोर सांगून नातं टिकतं असा अनुभव आला की तेच वाक्य घरीही म्हणता येतं. थेरपिस्ट हे ऐकून घेत नसेल, स्वतःचं समर्थनच करत राहत असेल, तर थेरपिस्ट बदलण्याचा विचार जरूर करावा.

वर्षाच्या आसपास बदल लहान आणि वेळेवर दिसतो. सोमवारचं भांडण आधी गुरुवारी उमगायचं, मग त्याच रात्री, पुढे बोलता बोलताच. आवाज न चढवता ‘मला वाईट वाटलं’ म्हणता येतं. आनंद आणि कौतुक स्वीकारणं मात्र बरेचदा दुःखापेक्षाही उशिरा येतं.

थांबायचं ठरलं तर ते फोनवर कळवून मोकळं होऊ नये. निरोपासाठी निदान ४ सेशन राखून ठेवा. जुने राग, कृतज्ञता, नातं सुटण्याची भीती हे सगळं तिथे पुन्हा वर येतं, आणि त्या वेळी ते बोलायला समोर माणूस असतो.