हर-टू तपासणी : पाचपैकी चार तारे

आमच्या सौं.च्या स्तनातल्या कर्करोगाच्या गाठीची हर-टू तपासणी मुंबईतल्या एका लॅबकडून करून घेतली, त्याचा हा अभिप्राय. लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका लॅबपुरतं नाही. लॅबच्या कामाबद्दल तक्रार जवळजवळ नाहीच. कापलेला तारा आहे तो गाठीचा तुकडा तिथपर्यंत ज्या रीतीनं पोचतो, त्याचा.

माझी सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे ते कुठल्या वितळणीतून ओतलं त्याचा आकडा, नसला की ते कितीही झकास दिसो, आम्ही ते बाजूला काढायचो. त्यामुळे रिपोर्ट हातात आला की निकालाआधी नमुना कुठून, कधी, कसा आला ते बघायची खोड आहे.

आधी तपासणी कशाची ते सांगतो. हर-टू हे माणसाच्या पेशीच्या आवरणावर असणारं एक प्रथिन. पेशीला वाढीचा हुकूम पोचवणं हे त्याचं काम. त्याचा जनुक १७व्या गुणसूत्रावर असतो. काही गाठींत त्या जनुकाच्या प्रती भरमसाट वाढतात, मग प्रथिनही वाढतं आणि पेशी थांबायचं नाव घेत नाहीत. लॉस एंजेलिसच्या डॉ. डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली १८९ रुग्णांच्या गाठी तपासून दाखवलं, की ज्यांच्यात या प्रती वाढलेल्या असतात त्यांचा आजार लवकर उलटतो. सप्टेंबर १९९८मध्ये याच प्रथिनाला जाऊन चिकटणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. म्हणजे ज्याच्यावरून आजाराचा जोर ओळखायचा, औषधानं धरायचंही त्यालाच. स्तनाच्या कर्करोगात साधारण १५ ते २० टक्के गाठी अशा निघतात. बाकीच्यांना हे औषध टोचून उपयोग नाही. पैसा जातो आणि हृदयाला धोका पत्करावा लागतो तो वेगळाच. म्हणून ही तपासणी औषधाच्या आधी.

आता आमचा अनुभव. बायोप्सी गावातल्या एका छोट्या हॉस्पिटलात, शनिवारी दुपारी. रविवारी सुट्टी. तुकडा डबीतल्या फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, तसाच पडून. मग गावातल्याच पॅथॉलॉजीत त्याचा मेणाचा ब्लॉक झाला आणि तो मुंबईला गेला. सोबतच्या फॉर्मवर ‘तुकडा काढल्याची वेळ’ आणि ‘फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ’ हे दोन्ही रकाने कोरे! मुंबईहून लॅबमधल्या बाईंचा फोन आला, “काका, या दोन वेळा मिळाल्याशिवाय रिपोर्टवर तशी नोंद करावी लागेल.” त्यांनी समजावूनही सांगितलं. तुकडा काढल्यावर तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे, आणि तिथे किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहावा. यात गडबड झाली की प्रथिन असूनही रंग धरत नाही, किंवा निकालावर भरवसा ठेवता येत नाही. मी हॉस्पिटलला फोन केला. “लगेचच टाकला हो,” एवढंच उत्तर. ‘लगेच’ म्हणजे किती वाजता? शेवटी स्वतः जाऊन ऑपरेशनच्या रजिस्टरमधली वेळ उतरवून आणली. ७२ तासांच्या आत बसलो, पण सोमवारी आणखी एक सण आला असता तर? तारा कापला तो इथे.

पहिली पायरी आयएचसी. ब्लॉकचा पातळ काप घेऊन त्या प्रथिनावर रंग चढवतात आणि ०, १+, २+ किंवा ३+ असा शेरा देतात. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. आमचं आलं २+. सौ. म्हणाली, “अहो, म्हणजे पास का नापास?” तर तसं नाही. २+ म्हणजे नुसत्या रंगावरून ठरवता येत नाही, पुढची ‘फिश’ नावाची तपासणी करा. मला हे आवडलं. ठरत नसताना ठोकून ‘ओके’चा शिक्का मारणारे इन्स्पेक्टर मी पुष्कळ पाहिलेत.

फिशमध्ये पेशीतल्या जनुकाच्या प्रतीच मोजतात. हर-टूचे ठिपके लाल, १७व्या गुणसूत्राच्या मध्यभागाचे हिरवे. निदान २० पेशी मोजायच्या आणि गुणोत्तर काढायचं. ते २ किंवा त्याहून जास्त आणि पेशीमागे हर-टूच्या सरासरी ४ किंवा जास्त प्रती असल्या, तर पॉझिटिव्ह. आमचं गुणोत्तर २.६, प्रती ५.४. किती पेशी मोजल्या, कंट्रोल स्लाइड (उत्तर आधीच माहीत असलेली, पडताळणीची काच) बरोबर आली का, फॉर्मलिनचे तास किती, सगळं रिपोर्टवर छापलेलं. असा रिपोर्ट बघून जुन्या कामाची आठवण झाली. फिशचा खर्च आयएचसीपेक्षा बराच जास्त आहे आणि तो लागू शकतो हे कुणी आधी सांगत नाही. २+ची शक्यता गृहीत धरून पैशांची तजवीज ठेवा.

पॉझिटिव्ह ऐकून सौ. गप्प झाली. ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कर्करोगाचे डॉक्टर, म्हणाले, “वहिनी, आजार जोराचा आहे हे खरं, पण त्याच्यावरचं औषधही आपल्याकडे आहे.” बंगळुरूच्या बायोकॉननं २०१४ साली भारतात ट्रास्टुझुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं औषध, आणलं, नंतर इतर कंपन्याही आल्या. त्यामुळे मूळ कंपनीच्या किमतीला अडून बसायला लागत नाही. २०१५पासून हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून, नेहमीचा कोर्स वर्षाचा. अधूनमधून टूडी एको करून हृदय तपासतात. तो चुकवायचा नाही. सहा महिने पुरतात का यावर परदेशात मोठे अभ्यास झालेत, पण तो हिशेब डॉक्टरांशी बोलून करायचा, मेडिकल दुकानाच्या बिलावरून नव्हे.

निगेटिव्ह आलं म्हणून कुणी रिपोर्ट फेकू नका. १+, किंवा २+ असून फिश निगेटिव्ह, अशा गाठींना आता ‘हर-टू लो’ म्हणतात. २०२२मध्ये आलेल्या अभ्यासात ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान या औषधाचा अशा, आजार पसरलेल्या रुग्णांनाही फायदा दिसला. औषध फार महाग आहे. जुलै २०२४च्या बजेटमध्ये त्याच्यावरची कस्टम ड्युटी काढली, तरी सामान्य माणसाच्या आवाक्यात आलंय असं मी म्हणणार नाही. पण आता ० आणि १+ यांतला फरकही कामाचा झालाय, त्यामुळे नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिलेला रिपोर्ट घेऊ नका. आकडा मागा.

बायोप्सी शक्यतो शनिवारी नको. दोन्ही वेळा फॉर्मवर आपल्यासमोर लिहून घ्या, कुणी वैतागलं तर वैतागू दे. आणि काम झालं की ब्लॉक परत मागा. पुढे दुसरं मत किंवा नवी तपासणी लागली तर तोच लागतो. आम्हाला काउंटरवर पावती दाखवल्यावर मिळाला, तेव्हा पावती जपून ठेवा.