प्लॅनिंग पोर्टल: इंग्लंडमध्ये फ्लॅटच्या खिडक्या बदलणाऱ्यांसाठी कितपत कामाचं?

पाचपैकी तीन गुण. बांधकामाची किंवा बाहेरून दिसणाऱ्या बदलाची 'प्लॅनिंग' परवानगी कौन्सिल (स्थानिक पालिका) देते; तिच्याकडे ऑनलाइन अर्ज पोचवण्याचं काम हे पोर्टल चोख करतं. नकाशा तिथेच विकत मिळतो, पैसे भरता येतात, पत्ता टाकला की अर्ज बरोबर त्या कौन्सिलकडे जातो. घराला कंझर्वेटरी (काचेची खोली) जोडायची असेल तर एवढं पुरतं. फ्लॅटच्या खिडक्यांचं गणित मात्र वेगळं आहे, आणि तिथे पोर्टल म्हणजे नुसती टपालपेटी.

सुरुवात फॉर्मपासून. खिडक्यांचं काम म्हणजे घरगुती काम, असं समजून लोक 'हाउसहोल्डर' फॉर्म उघडतात. तो फ्लॅटला चालत नाही. फ्लॅटसाठी 'फुल प्लॅनिंग' फॉर्म भरायचा. चुकीच्या फॉर्मवर गेलेला अर्ज कौन्सिल 'इनव्हॅलिड' ठरवते आणि निर्णयाची आठ आठवड्यांची मुदत सुरूच होत नाही. कारण कायद्यात आहे: २०१५च्या जनरल परमिटेड डेव्हलपमेंट ऑर्डरने घरमालकांना बऱ्याच बदलांची आपोआप मुभा दिली, ती फ्लॅटला लागू नाही. म्हणून शेजारच्या टेरेस (रांगेतल्या जोडलेल्या) घराने विनापरवाना यूपीव्हीसी (प्लॅस्टिकच्या) खिडक्या बसवल्या, हा दाखला तुमच्या कामाचा नाही.

तरीही प्रत्येक फ्लॅटला परवानगी लागतेच असं नाही. १९९०च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टच्या कलम ५५प्रमाणे इमारतीच्या बाह्यरूपात ठळक फरक पडत नसेल तर ते काम 'डेव्हलपमेंट' ठरत नाही. पांढऱ्या यूपीव्हीसीच्या जागी तशीच विभागणी, तशीच उघडझाप असलेली पांढरी यूपीव्हीसी बसवली तर सहसा अर्ज नको. लाकडी सॅशच्या (वर-खाली सरकणाऱ्या खिडकीच्या) जागी बाहेर उघडणारी प्लॅस्टिकची केसमेंट (बिजागरीची खिडकी) आली की परवानगी हवी. मधल्या प्रकरणांत 'लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट' (या कामाला परवानगी लागत नाही असा कौन्सिलचा दाखला) घ्यावं. त्याची फी पूर्ण अर्जाच्या निम्मी, आणि फ्लॅट विकताना समोरच्या सॉलिसिटरला दाखवायला पक्का कागद हातात राहतो. पोर्टलवर हा पर्याय आहे, पण तो स्वतःहून समोर येत नाही, शोधावा लागतो.

फुल फॉर्म मोठ्या बांधकामांनाही तोच असल्याने त्यात चमत्कारिक प्रश्न येतात. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खिडक्यांसाठी तुम्हाला जैवविविधतेत १० टक्के वाढ कशी करणार ते विचारलं जातं. घाबरू नका. २५ चौरस मीटरपेक्षा कमी अधिवासाला धक्का लागत असेल तर 'डी मिनिमिस' (नगण्य परिणामासाठीची) सूट आहे. ती निवडून 'जमिनीवर कोणतंही काम नाही' असं एका ओळीत लिहा. लंडनमधल्या काही बरो (तिथल्या कौन्सिल) आगीच्या सुरक्षेबद्दलही निवेदन मागतात. तेव्हा पोर्टलच्या यादीवर न थांबता कौन्सिलची स्वतःची 'लोकल व्हॅलिडेशन लिस्ट' (अर्जासोबत काय काय हवं त्याची यादी) आधी वाचा.

मालकीचा दाखला हा दुसरा मोठा खड्डा. लीजहोल्डर (ठरावीक वर्षांच्या कराराने फ्लॅट घेतलेली) मंडळी बिनदिक्कत 'सर्टिफिकेट ए' (मालक फक्त मीच) निवडतात. इमारतीचा फ्रीहोल्डर (मूळ मालक) दुसरा असेल तर 'बी' हवं, आणि अर्जाआधी फ्रीहोल्डरला रीतसर नोटीस द्यायला हवी. ज्या भागावर काम आहे त्यात सात किंवा अधिक वर्षं शिल्लक असलेलं लीज आणखी कुणाचं असेल, तर त्यांनाही. खोटा दाखला जाणूनबुजून देणं हा गुन्हा आहे, हे फॉर्मवर असतं, पण वाचतं कोण!

आता ड्रॉइंग्ज. अर्ज इथेच जिंकतात किंवा पडतात. १:१२५० लोकेशन प्लॅन पोर्टलवर मिळतो. लाल रेघेने जागा दाखवायची. १:५० किंवा १:१०० एलिव्हेशन (भिंतीचं समोरून दिसणारं रेखाचित्र) 'सध्याचं' आणि 'प्रस्तावित' अशी जोडीने द्यायची. कॉन्झर्वेशन एरियात (जुनं रूप जपायच्या भागात) बहुतेक वेळा १:२० खिडकी आणि १:५ किंवा त्याहून मोठा आडवा-उभा छेदही (खिडकी कापून दाखवलेलं रेखाचित्र) मागतात. खिडकी विक्रेत्याचं रंगीत ब्रोशर जोडून हे भागत नाही.

छेद कशाला, ते कळलं की चौकटही नीट निवडता येते. लंडनमध्ये १७०९च्या कायद्याने खिडक्या भिंतीच्या दर्शनी भागापासून चार इंच आत बसवणं सक्तीचं झालं, आणि १७७४च्या कायद्याने सॅशची पेटी विटांच्या आड गेली. म्हणून जुन्या खिडकीचं लाकूड बाहेरून जेमतेम दिसतं आणि भोवती सावलीची खोल कडा पडते. ही तऱ्हा पुढच्या काळातल्या इमारतींतही टिकली. स्वस्त यूपीव्हीसी चौकट त्या विटांच्या खाचेत मागे न बसवता उघड्या जागेत बसवतात, सगळी जाडी बाहेरून दिसते आणि काच आक्रसते. वर दोन काचांच्या मध्ये नुसत्या चिकटवलेल्या पट्ट्या असल्या की अधिकाऱ्याला नकार लिहायला वेळ लागत नाही. चौकट किती आत बसणार, मीटिंग रेलची (सॅशचे दोन भाग मिळतात त्या आडव्या पट्टीची) उंची, ग्लेझिंग बारची (काच विभागणाऱ्या पट्टीची) रुंदी, तिन्ही जुनी आणि नवी मापं शेजारी शेजारी मिलिमीटरमध्ये लिहा. लाकडात १२ ते १४ मिमीचं स्लिम डबल ग्लेझिंग मिळतं. महाग पडतं, पण अशा इमारतीत आमची शिफारस त्यालाच. लिस्टेड (वारसा म्हणून संरक्षित) इमारत असेल तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट वेगळी. तिला फी नाही, पण ती न घेता काम केलं तर फौजदारी गुन्हा, आणि तिथे कारवाईला कालमर्यादाही नाही. इतर इमारतींत ती आता दहा वर्षं आहे. जुन्या लेखांतली 'चार वर्षं' विसरा.

फी एप्रिल २०२५मध्ये एका फ्लॅटसाठी २५८ वरून ५२८ पौंड झाली, आणि दर एप्रिलला महागाईप्रमाणे बदलते. पोर्टलचं सेवाशुल्क आणि त्यावरचा व्हॅट निराळा. ते वाचवायचं असेल तर कौन्सिलकडे थेट अर्ज देता येतो. दोन-तीन शेजारी एकत्र येणार असाल तर दोन किंवा अधिक फ्लॅटचा दर आधी तपासा.

पोर्टल जे तपासत नाही ते सगळ्यांत महत्त्वाचं: तुमचं लीज. पुण्या-मुंबईत सोसायटीची एनओसी असते, तशी इथे फ्रीहोल्डरची लेखी परवानगी, बहुधा 'लायसन्स टू ऑल्टर'. पण आधी लीजमधली 'डिमाइज'ची (फ्लॅटचा नेमका कोणता भाग तुमचा त्याची) व्याख्या वाचा. कित्येक लीजमध्ये काच तुमची आणि चौकट फ्रीहोल्डरची असते. तशी असेल तर खिडकी बदलायचा हक्कच तुमचा नाही. तो खर्च सर्व्हिस चार्जमधून (देखभालीच्या सामायिक वर्गणीतून) यायला हवा, आणि एका लीजहोल्डरच्या वाट्याला २५० पौंडांहून जास्त येणार असेल तर १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम २०ची सल्लामसलत लागते. प्लॅनिंग परवानगी मिळाली म्हणून हे सुटत नाही. अर्जाची फी भरण्याआधी लीज उघडा.

बिल्डिंग रेग्युलेशन्सही (बांधकामाच्या दर्जाचे नियम) वेगळे. फेन्सा किंवा सर्टासकडे (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजना) नोंदलेला फिटर स्वतः प्रमाणपत्र देतो, नाहीतर बिल्डिंग कंट्रोलकडे अर्ज. साधारण निकष: यू-व्हॅल्यू (उष्णता किती निसटते त्याचं माप) जास्तीत जास्त १.४ किंवा 'बी' ऊर्जा रेटिंग, आणि खोलीच्या फरशीपासून ८०० मिमीच्या खालच्या काचेला सेफ्टी ग्लास. जुन्या खिडकीला ट्रिकल व्हेंट (हवेसाठीची बारीक फट) असेल तर नव्या खिडकीला हवाच. नसेल तरी हवा खेळती राहण्यात पूर्वीपेक्षा घट चालत नाही. 'दिसायला वाईट' म्हणून व्हेंट गाळणाऱ्या फिटरचं ऐकू नका, हिवाळ्यात आतल्या भिंतीवर बुरशी धरते. आणि हा व्हेंट एलिव्हेशनवर दाखवायला विसरू नका. मंजूर ड्रॉइंगमध्ये तो नसेल आणि प्रत्यक्षात असेल तर तो अटींचा भंग.

हीथ्रो विमानतळाजवळ हाउन्स्लो, स्लाउकडे विमानांच्या आवाजापायीच खिडक्या बदलायच्या असतील तर पोर्टलकडे जाऊच नका. आतल्या बाजूने, मध्ये १०० मिमी किंवा जास्त पोकळी ठेवून सेकंडरी ग्लेझिंग (जुनी खिडकी तशीच ठेवून काचेची दुसरी खिडकी) बसवा. आवाज साध्या डबल ग्लेझिंगपेक्षा जास्त अडतो, आणि इमारत लिस्टेड नसेल तर प्लॅनिंग परवानगी लागत नाही. फ्रीहोल्डरला मात्र एक पत्र टाकाच.