भोंगा न देणारा साउंडवाला (रामबाग, इंदूर)

भजन, आरती, प्रवचनासाठी साउंड भाड्याने देणारा हा मंडपवाला भोंगा देतच नाही, कितीही आग्रह करा. याच एका गोष्टीसाठी त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.

३० वॅटचा भोंगा १ मीटरवर साधारण १२० डेसिबल देतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात, म्हणजे ३२ मीटरवरही ९० उरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून फार तर १० जास्त. समोरच्या घरात आजारी माणूस झोपलेला असतो, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

इथे दर चार-पाच मीटरवर छोटे कॉलम (उभट) स्पीकर लागतात, तोंडं मंडपाच्या आत आणि किंचित खाली. १०० व्होल्टची लाइन (एकाच लांब तारेवर बरेच स्पीकर जोडायची पद्धत), टॅप, म्हणजे प्रत्येक स्पीकरची ताकद, ५ वॅटवर. स्पीकर जवळ असल्याने कमी आवाजातही अभंगाचा शब्द स्वच्छ पोचतो. मग हद्दीवर ध्वनिमापक मीटरने आवाज मोजून लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज न जाऊ देणारं यंत्र) बसवतात. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो, आकडा कमी दिसतो.

उणीव एकच, पण मोठी: लिमिटरला कुलूप नाही. पखवाज चढला की गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, कुणीतरी मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचं बटण, वाढवतो आणि सगळं मोजमाप वाया जातं. पखवाज-टाळांना माइक देऊच नका. गायक पहिल्या कॉलमच्या मागे बसवा, नाहीतर शिट्टी वाजते.

काकडआरतीला उघड्यावर साउंड मिळत नाही, कारण रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. यावरून काही मंडळी धर्मस्वातंत्र्य काढतात. राज्यघटनेच्या कलम २५ मधलं हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या अधीन आहे. चेन्नईच्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलं, की इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही. अजान, घंटा, आरती, सगळ्यांना तोच मीटर. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ती वेळेची सूट आहे, आवाजाची नाही.

साउंडची परवानगी मंडळानेच काढायची. रुग्णालय किंवा शाळा १०० मीटरच्या आत असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. असा भाग शांतता क्षेत्र असू शकतो, आणि त्याचे आकडे आणखी कडक आहेत.