कॅडिलॅक ४७२ (१९७२): काही महिने चालवल्यावर अ‍ॅव्हरेजचा हिशोब

७.७ लिटरचं (४७२ घन इंच) इंजिन, दोन टनांहून जास्त वजन, तीन गिअरचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ही कॅडिलॅकची सेदान डी व्हिल शहरात लिटरला ४ आणि हायवेला ९० च्या वेगात साडेपाच किलोमीटर देत असेल, तर तब्येत उत्तम समजा. शहरात ३ वर आली, तर दोष इंजिनाच्या आकाराचा नाही, देखभालीचा आहे.

सगळ्यात मोठा फरक टायमिंगने, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेने पडला. संथ चालीत पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ असतं, सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. ते काम डिस्ट्रिब्यूटरवरच्या (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचं, जो इंजिनाच्या व्हॅक्यूमने ठिणगी अलीकडे आणतो. त्याचा डायफ्रॅम फाटला तरी गाडी धावते, पिकअपही बरा लागतो, फक्त पेट्रोल जातं. हातपंपाने व्हॅक्यूम द्या. प्लेट फिरून तिथेच टिकली पाहिजे. मग पॉइंटचा ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, ३० अंश. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला खिडकी आहे, त्यातून १/८ इंची अ‍ॅलन कीने चालू इंजिनावर लावता येतो. टायमिंग त्यानंतर, आणि व्हॅक्यूमची नळी काढून, तोंड बंद करून.

टायमिंग सारखं हलत असेल तर क्रँकवरून कॅम फिरवणारी टायमिंग चेन बघा. कॅमच्या गिअरला नायलॉनचे दात आहेत. ते झिजले की चेन सैल पडते आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून क्रँक पान्याने मागेपुढे फिरवा. क्रँक आठेक अंश फिरूनही टोपीखालचा रोटर हलत नसेल तर सबंध सेट बदला, गिअर पोलादी घ्या. तुटलेले दात संपमध्ये (इंजिनाखालची ऑइलची टाकी) पडून ऑइलची जाळी तुंबवतात, तेव्हा संपही उतरवाच.

क्वाड्राजेट हा मूळचा कार्बोरेटर काढून मोठा कार्बोरेटर बसवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. माझ्या मते तो साफ चुकीचा आहे. क्वाड्राजेटची पुढची दोन भोकं लहान आहेत आणि नेहमीची चाल तेवढ्यावरच भागते. मागची मोठी भोकं पाय दाबल्यावरच उघडतात. पेट्रोलची पातळी राखणारा जुना फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो, पातळी चढते आणि इंजिन काळा धूर टाकतं. तो नवाच घाला. कार्बोरेटरच्या खालचे वेल प्लग (बुचं) गळत असतील तर रात्रभरात पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये उतरतं. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागणं ही त्याची खूण. इथेनॉल सोसणारं इपॉक्सी लावून ते बंद करा.

ब्रेक विसरू नका. पुढच्या कॅलिपरची रबरी नळी आतून फुगली की दाब परतत नाही आणि पॅड डिस्कला घासत राहतात. थोडं चालवून चाकांना हात जवळ न्या. एक चाक जास्त तापलेलं असेल तर नळी बदला. टायर २३५/७५ आर १५ रेडियल. टायरच्या मापाने ओडोमीटर चुकू शकतो, म्हणून तो जीपीएसशी ताडल्याशिवाय अ‍ॅव्हरेजचा कुठलाही आकडा खरा मानू नका.

ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे हायवेला इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या जादा गिअरचा खर्च मला पटत नाही. २.९३ गुणोत्तराच्या डिफरन्शियलवर ९५ च्या वेगाला इंजिन मिनिटाला जेमतेम २००० फेरे घेतं. त्यातून काही शे फेरे कमी करायला नवा गिअरबॉक्स, शाफ्ट आणि बहुधा अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते. पेट्रोलच्या बचतीतून ते पैसे सुटायला वर्षं जातील.

पुण्या-मुंबईत असलं मोठं व्ही-८ सांभाळणाऱ्यांसाठी: २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जाच साधारण साडेसहा टक्के कमी, शिवाय मिश्रण पातळ पडतं. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक-दोन नंबर मोठा करा आणि पेट्रोलच्या सगळ्या जुन्या रबरी नळ्या आधी बदला.