आमदार कार्यालयाचं दप्तर लावून देणारी सांगलीतली सेवा : मुदत संपायच्या आधी घ्यावी अशी

विश्रामबागेतलं हे स्कॅनिंग-बायंडिंगचं दुकान शाळा, पतसंस्था आणि वकिलांची कामं करतं. त्याचबरोबर विधानसभेची मुदत संपत आली की आमदारांच्या संपर्क कार्यालयांचं पाच वर्षांचं दप्तर लावूनही देतं. इथे फक्त या दुसऱ्या कामाबद्दल लिहिलं आहे. थोडक्यात मत असं : अनुक्रमणिका उत्तम, स्कॅनिंग चांगलं, रद्दीची विल्हेवाट मात्र त्यांच्यावर सोडू नये.

हे काम कधी द्यायचं, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. विधानसभेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं. पण कार्यालयाचे हात बांधले जातात ते त्याच्या बरेच आधी, निवडणूक जाहीर होते त्या दिवशी. २०२४ मध्ये आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मुदत संपत होती २६ नोव्हेंबरला. मधले सहा आठवडे आमदार पदावर होते, पण नवीन कामाला हात लावता येत नव्हता. १९९९ मध्ये तर विधानसभा मुदतीआधीच विसर्जित झाली आणि लोकसभेबरोबर मतदान झालं. अशा वेळी आवराआवरीला सवडच मिळत नाही. म्हणून मुदतीचं शेवटचं पावसाळी अधिवेशन उरकलं की दप्तर बाहेर काढावं.

विसर्जनाबरोबर विधानसभेत पडून असलेलं विधेयक व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. पण म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या आवर्तनासाठी, म्हणजे पाण्याच्या पाळीसाठी, जलसंपदा विभागाला गेलेलं पत्र त्या विभागाच्या टपालात तसंच असतं. पत्र देणारा शेतकरीही तिथेच असतो, आणि निवडून कोणीही आलं तरी त्याला उत्तर हवंच असतं. या दुकानाचं मोल इथेच कळतं. बहुतेक ठिकाणी तारखेप्रमाणे गठ्ठे बांधून देतात. इथे ‘प्रकरण’ हा घटक धरतात. मूळ अर्ज, आमदारांचं शिफारसपत्र, तीन स्मरणपत्रं आणि विभागाचं उत्तर हे सगळं एका क्रमांकाखाली येतं, आणि शेवटच्या रकान्यात ‘आता कोणाकडे अडलंय’ हे लिहिलेलं असतं : तहसील, जिल्हा परिषद, महावितरण, मंत्रालय. पुढच्या माणसाच्या हातात ही यादी दिली की त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

पानं घेताना टाचण्या आणि पिना काढतात, दुमडलेले कोपरे सरळ करतात. थर्मल कागदावरच्या पावत्या आधी झेरॉक्स करून घेतात, कारण त्यांच्यावरची अक्षरं वर्ष-दोन वर्षांत उडतात. पावसाळ्यातला दमट कागद स्कॅनरच्या फीडरमध्ये दोन-दोन पानं एकदम ओढतो आणि मधलं पान सुटतं. म्हणून ते गठ्ठा रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवतात आणि पानं मोजूनच मशीनला लावतात. साधा मजकूर २०० डीपीआयला काळा-पांढरा, शिक्का असलेलं पान ३०० डीपीआयला रंगीत. हा फरक महत्त्वाचा आहे. पोच दिल्याचा फिकट जांभळा शिक्का काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये पार नाहीसा होतो, आणि पोच नसलेल्या पत्राला कार्यालयात कोणी विचारत नाही.

अनुक्रमणिका एक्सेलमध्ये हाताने भरतात. तेच बरोबर आहे, कारण हस्ताक्षरातले मराठी अर्ज मशीनला अजून नीट वाचता येत नाहीत. जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, मग शोधून गाव सापडत नाही. इथली मुलं गावाचं आणि अर्जदाराचं नाव पुन्हा टाइप करतात. दुसरी अडचण जावक क्रमांकाची, म्हणजे बाहेर गेलेल्या पत्राच्या नोंदणी क्रमांकाची. ‘१२/२०२३’ असं टाकलं की एक्सेल त्याचा डिसेंबर महिना करून टाकतं. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा लागतो, आणि ते ठेवतात. क्रमांक दर जानेवारीला एकपासून सुरू होत असल्याने वर्षही त्यासोबत हवंच.

चुका होतात त्या गावांच्या बाबतीत. बोरगाव एकाच तालुक्यात नाही, आणि वाळवा हे तालुक्याचंही नाव आहे आणि गावाचंही. तालुक्याचा रकाना रिकामा राहिलेल्या ओळी त्यांच्याकडून परत येतात. त्या कार्यालयातल्या जाणत्या माणसाने बसून भरल्या पाहिजेत, दुकानाला ते जमणार नाही.

आमदार निधीतल्या कामांची यादी ते वेगळी काढून देतात. यादीत प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश आणि प्रत्यक्ष सुरुवात अशा चार तारखा असतात. यातली चौथी तारीख सगळ्यात नाजूक. कार्यारंभ आदेश निघाला पण जागेवर काम सुरू नाही, तर आचारसंहितेत ते सुरू करता येत नाही. सुरू झालेलं काम चालू राहतं, पूर्ण झालेल्या कामाचं बिलही अडत नाही. त्यामुळे चौथा रकाना रिकामा असलेली कामं लाल रंगात काढून घ्यावीत आणि जिल्हा नियोजन कार्यालय व बांधकाम विभागाकडे लगेच पाठपुरावा करावा. दुकान कागदावर दिसेल तेच लिहितं. गटार खरंच खोदलं की नाही, हे जागेवर जाऊन कार्यालयानेच पाहायचं आहे.

आता तक्रार. नको असलेल्या झेरॉक्स ‘नष्ट करून देतो’ असं ते म्हणतात, पण मशीन रुंद पट्ट्या कापणारं आहे आणि पोती रद्दीत जातात. आमदारांच्या कार्यालयात लोकांच्या आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुकाच्या प्रती असतात, दवाखान्याची कागदपत्रं असतात. निराधार योजनेसाठी एखाद्या आजीने दिलेला कागद भेळेच्या पुडीला लागणं हा विश्वासघात आहे. या प्रती कार्यालयातच, समोर उभं राहून, बारीक तुकडे करणाऱ्या मशीनमध्ये घालाव्यात. हीच काळजी स्कॅन केलेल्या पानांच्या हार्ड डिस्कची. ती सही न घेताच, जो माणूस येईल त्याच्या हाती देतात. दोन प्रती मागाव्यात, पासवर्ड लावून घ्यावा आणि नेणाऱ्याचं नाव आधीच लेखी कळवावं. अर्जदारांचे मोबाइल नंबर प्रचाराच्या यादीत जाऊ नयेत, यासाठी नंबरांचा रकाना वेगळ्या फाइलमध्ये घ्यावा. त्यांनी नंबर दिला तो त्यांच्या कामासाठी.

लेटरहेड, रबरी शिक्के आणि गाडीवरची पाटी हे त्यांच्या कामात येत नाही. उरलेली लेटरहेड मोजून पाकिटात सीलबंद करावीत. सदस्यत्व संपल्यानंतरच्या तारखेचं एक जरी पत्र जुन्या लेटरहेडवर गेलं तर गोत्यात आणतं. स्वीय सहाय्यक सरकारी नोकर असेल तर तो उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी होऊ शकत नाही, हेही याच वेळी त्याला सांगून ठेवावं.

बांधलेले खंड कुठे ठेवायचे हा प्रश्न सांगलीत इतर गावांपेक्षा मोठा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. नदीकाठच्या पेठांमध्ये तळमजल्यावर कपाट असेल तर खंड वरच्या मजल्यावर हलवावेत. दुकानाचं बायंडिंग मजबूत आहे, कापडी पाठ आहे, पण खळ लावलेली असल्याने ओल आणि वाळवी दोन्हींना ते बळी पडतं.

दर पानाला दीड रुपया, अनुक्रमणिकेच्या ओळीला चार रुपये, खंड बांधणी वेगळी. एका बॉक्स फाइलमध्ये साधारण ३०० पानं धरली तर २५ फाइलींचं कपाट साडेसात हजार पानांचं होतं. त्याला दहा दिवस लागतात. काम सगळं एकदम देऊ नये, चालू वर्षाच्या फाइली शेवटी द्याव्यात, नाहीतर मंत्रालयातून फोन आला की पत्र दुकानात आणि माणूस कार्यालयात अशी गत होते. निवडणूक जाहीर झाली की दुकान उमेदवारांच्या झेरॉक्समध्ये बुडतं आणि दिवाळीत चार दिवस बंद असतं, त्यामुळे गणपतीच्या आधी नंबर लावावा.