बोन्स हार्डकोअर बुशिंग: वळणाचा ताठपणा नटावर सोपवू नये

स्केटबोर्ड नीट वळत नाही किंवा वेगात डगमगतो असे वाटले की बहुतेक जण पाना घेऊन किंगपिनचा, म्हणजे ट्रकमधल्या मुख्य बोल्टचा, नट आवळतात किंवा सैल करतात (ट्रक म्हणजे चाके बोर्डाला जोडणारा धातूचा भाग). नटाने बारीक फरक जुळवता येतो हे खरे. परंतु ट्रक किती सहज झुकावा आणि झुकल्यावर किती जोराने सरळ व्हावा, हे मुळात बुशिंगच्या, म्हणजे किंगपिनभोवती बसणाऱ्या रबरासारख्या युरेथेनच्या कड्यांच्या, कडकपणावर ठरते. बोन्स या ब्रँडचा हार्डकोअर संच वापरल्यावर माझे हे मत अधिकच पक्के झाले.

संचात दोन ट्रकांना पुरतील अशी चार बुशिंग मिळतात आणि मऊ 81ए, मध्यम 91ए व कडक 96ए यांतून निवड करता येते (आकडा जितका मोठा तितके युरेथेन कडक). मधला गाभा कठीण आणि भोवतीचे युरेथेन त्याहून मऊ अशी ही रचना आहे. नवी बुशिंग सहसा काही काळ ताठर राहतात. ही मात्र पहिल्यापासूनच मोकळी वागली, आणि वळण संपताच बोर्ड ठामपणे मध्यावर येतो, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण मला वाटतो.

निवड वजनावरून करावी. हलक्या व्यक्तीला 96ए वर बोर्ड झुकवणेच जड जाते, तर भारी व्यक्तीखाली 81ए इतके दबते की चाक बोर्डाला घासून एकदम अडकते, आणि असे व्हील-बाइट थेट तोंडावर पाडू शकते. मला सर्वाधिक भावलेली जुळणी मिश्र आहे: बोर्डाकडे 91ए आणि रस्त्याकडे, म्हणजे नटाजवळ, 81ए. यामुळे वळणाची सुरुवात हलकी होते आणि खोल झुकल्यावरही आधार सुटत नाही. त्यासाठी दोन संच घ्यावे लागतात, तरीही मी ही जुळणी आवर्जून सुचवेन. बुशिंगला लागून बसणारा वॉशर सपाट असेल तर हालचाल मोकळी होते, तर वाटीसारखा वॉशर बुशिंगची कडा धरून ठेवतो आणि ती आवरतो. थंडीत युरेथेन कडक होते, हेही ध्यानात ठेवावे.

बुशिंग बसवल्यावर नट थोडा थोडा फिरवत वॉशरच्या कडेकडे नीट पाहावे. वॉशर युरेथेनमध्ये रुतून त्याचा फुगवटा बाहेर आला असेल, तर नट जास्त आवळला गेला आहे. तसेच चालवत राहिल्यास तिथेच भेगा पडतात. उलट, नट इतकाही सैल नसावा की किंगपिनचे आटे त्यातील नायलॉनच्या कड्यापर्यंत पोहोचणार नाहीत, कारण नट गळून पडू नये याची काळजी तेच कडे घेते. या दोन मर्यादांच्या आत हवे तसे वळण मिळत नसेल, तर बुशिंगचा कडकपणा बदलावा. हँगरचे, म्हणजे ट्रकच्या चाकांचा आस धरणाऱ्या भागाचे, टोक ज्यात बसते तो पिव्होट कप झिजून ढिला झाला असेल, तर मात्र आधी तो बदलावा. त्या ढिलेपणावर कोणत्याही बुशिंगचा इलाज चालत नाही.