आईच्या अंगठ्यावर २७,३०० रुपये काढले

आईच्या खात्यातून दोनदा १०,००० आणि मग ७,३०० गेले. ओटीपी नाही, लिंक नाही. फक्त आधारला जोडलेला अंगठा. सिंधुदुर्गातल्या सगळ्यांनी आधारचं बायोमेट्रिक (म्हणजे बोटांचे ठसे) आजच लॉक करा, एमआधार ॲपवर फुकट होतं.

देवळाच्या सभामंडपात दोन पोरगे लॅपटॉप घेऊन बसले होते, फार्मर आयडी (शेतकऱ्याचा ओळख क्रमांक) काढून देतो म्हणून. आयडीशिवाय योजना नाही, हे सरकारनेच सांगितलेलं. मग रांग लागणारच. आईचा अंगठा पहिल्याच वेळी लागला. तरी त्यातला एक म्हणतो, "आजी, सर्व्हर स्लो आसा, परत ठेवा." तीनदा ठेवायला लावला. दरवेळी बाजूच्या छोट्या मशीनमधून चिठ्ठी निघाली आणि त्याने फाडून खिशात घातली. नोंदणीला चिठ्ठी कशाला निघेल? पैसे काढल्याची पावती होती ती, माझ्या डोळ्यांदेखत! हेच मला रात्रंदिवस खातंय. पण काजू सोलून आईची बोटं झिजलेली, रेशनवरही चार-चारदा अंगठा ठेवावा लागतो. संशय यायचा कसा? मेसेजही नाही, कारण खात्याला नंबर मुंबईच्या भावाचा, तो केव्हाच बंद. आधी तुमच्या खात्यांना जोडलेले मोबाइल नंबर तपासा.

मोहोराच्या फवारणीला पैसे काढायला गेलो तेव्हा पासबुकात कळलं. बँकेतला साहेब म्हणतो, "अंगठा तुमचाच, म्हणजे व्यवहार तुमचाच." रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात चूक ग्राहकाची हे बँकेने सिद्ध करायचं असं आहे. दाखवलं, तर बघितलंसुद्धा नाही. पोलीस म्हणाले जिल्ह्याला जा, जिल्ह्याचे म्हणाले बँकेचं पत्र आणा, आणि बँक पत्र देत नाही. पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, बँकेत तीन दिवसांच्या आत लेखी द्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आणि कायदा? खाजगीपणा मूलभूत हक्क असं सुप्रीम कोर्टाने २०१७ ला सांगितलं. माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू! दंड २५० कोटींपर्यंत, पण तो जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती चोरली त्याला दमडी नाही. आयटी कायद्यात भरपाईचं ४३-अ कलम होतं, तेही हाच कायदा काढून टाकतो. पिन बदलता येतो, माझ्या आईने अंगठा कुठून बदलायचा?

त्या रांगेत आणखी बायामाणसं होती. पासबुक भरून बघा. कोणाचे गेले असतील तर सांगा, बँकेत एकत्रच जाऊ.